बांधाखालून जाणारा गॅस

मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळ, यावल, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा असा खानदेश ओलांडते आणि सुरतेच्या पुढे हजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. त्याच हजिऱ्यात वसईच्या समुद्रातला नैसर्गिक वायू किनाऱ्याला लागतो. तिथूनच ऐंशीच्या दशकात देशातली पहिली खरी लांब पल्ल्याची गॅस पाइपलाइन निघाली आणि मध्य प्रदेशातल्या विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरपर्यंत गेली. १९८४ साली गेल ही सरकारी कंपनी निघाली ती मुख्यतः ही लाइन टाकण्यासाठी. तिच्या कडेने खतांचे कारखाने उभे राहिले. खानदेश तिच्या वाटेत नव्हता. अलीकडची मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाइन समृद्धी महामार्गाच्या कडेने नाशिक, संभाजीनगर, जालना, बुलढाणा अशी गेली. जळगाव आणि धुळे याही वेळी बाजूलाच राहिले.

तरीही परदेशातून, तीन-चार देश ओलांडून येणाऱ्या गॅसचा विषय इथल्या शेतकऱ्याच्या गोणीपाशी आणि बांधापाशी येऊन थांबतो. त्यावरची दोन मतं मी दोघांच्या तोंडी घालतो आहे. मामा यावल तालुक्यातले केळी उत्पादक. भाचा धुळ्याचा, पाइपलाइनच्या कामावर असलेला अभियंता. असे मामा आणि असे भाचे खानदेशात गावोगाव आहेत.

भाचा : मामा, युरियाची ४५ किलोची गोणी तुम्ही २६६ रुपये ५० पैशांना आणता. ती गोणी म्हणजे गॅसच आहे. गॅसपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा आपण बाहेरून आणतो. बाहेर भाव चढला की सरकारचं अनुदान चढतं, आणि बाहेरून गॅस कमी आला की तुमच्या तालुक्यात गोणी कमी येते.

मामा : कमी येते हे मला नको सांगू. खरिपात रांगेत मीच उभा असतो. पण त्यावर उपाय म्हणून तुम्ही तुर्कमेनिस्तानातून पाइप आणणार, मध्ये अफगाणिस्तान, मध्ये पाकिस्तान, हे माझ्या डोक्यात उतरत नाही. माझ्या शेताला पाट येतो तो वरच्या दोघांच्या शेतांतून. वरचा रुसला की माझी बाग वाळली. इथे तर वरचे दोघे बंदुका घेऊन बसलेत.

भाचा : वरच्या दोघांनाही त्याच पाटाचं पाणी मिळत असेल तर? मग ते पाट फोडतील का?

मामा : ते भांडखोर असतील तर स्वतःचंही नुकसान करून घेतील. अशी माणसं मी पाहिली आहेत.

इथे आकडे सांगणं भाग आहे. या योजनेला चार देशांच्या आद्याक्षरांवरून ‘टापी’ म्हणतात. तुर्कमेनिस्तानातलं गाल्किनिश हे जगातल्या सर्वांत मोठ्या वायुक्षेत्रांपैकी एक. तिथून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतान करत पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत सुमारे १,८१४ किलोमीटर. वर्षाला ३३ अब्ज घनमीटर गॅस. त्यातला १४-१४ भारत आणि पाकिस्तानला, ५ अफगाणिस्तानला. डिसेंबर २०१० मध्ये अश्गाबातला सरकारांचा करार झाला. १३ डिसेंबर २०१५ ला तुर्कमेनिस्तानात कामाचा शुभारंभ झाला, तेव्हा भारताचे तत्कालीन उपराष्ट्रपती हमीद अन्सारी तिथे हजर होते. २०१८ मध्ये अफगाण टप्प्याचा समारंभ झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तालिबानच्या राजवटीत त्याच टप्प्याच्या कामाला पुन्हा सुरुवात झाली. फाजिल्कापर्यंत मात्र गॅस आलेला नाही.

मामा : आणि इराणचं काय झालं? ते तर माझ्या ऐन उमेदीपासून ऐकतोय.

भाचा : इराण-पाकिस्तान-भारत. कल्पना १९८९ ची. इराणकडे दक्षिण पार्ससारखं अफाट क्षेत्र, आपल्याकडे भूक. पण अमेरिकेचे निर्बंध होते, भावावर एकमत होईना आणि पाकिस्तानातून येणाऱ्या गॅसच्या सुरक्षेची हमी कोण देणार हेही ठरेना. अमेरिकेशी आपला अणुकरार झाला त्याच सुमारास आपण त्यातून अंग काढून घेतलं. २००५ मध्ये म्यानमारचा गॅस बांगलादेशातून आणायची बोलणी झाली. बांगलादेशाला बदल्यात नेपाळ-भूतानशी व्यापाराची वाट हवी होती. ते जुळलं नाही, आणि २०१३ पासून म्यानमारचा गॅस चीनला जातो.

मामा : म्हणजे तीनही वेळा हात हलवत परत आलो.

भाचा : आपण आलो, पण दुसऱ्यांना जमलं. तुर्कमेनिस्तानचाच गॅस घ्या. तिथून उझबेकिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून चीनच्या सरहद्दीपर्यंत लाइन गेली, तीही टापीएवढीच, साधारण १,८३० किलोमीटर. डिसेंबर २००९ मध्ये ती चालूही झाली. काम दोन वर्षांच्या आसपास चाललं. चीनने पैसा घातला आणि गॅस घेण्याचं पक्कं वचन दिलं. पुढे वाटेतल्या दोन्ही देशांना त्याच पाइपमध्ये स्वतःचा गॅस घालून चीनला विकता आला. मग पाइप बंद पाडण्यात कुणाचं भलं?

मामा : तिथे चीनचा वचक होता. आपला कुणावर वचक आहे?

भाचा : वचकाने एवढं होत नाही मामा. युक्रेनचं बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला. गावं जळत होती, तरी रशियाचा गॅस युक्रेनच्या जमिनीखालून युरोपला जात होता आणि त्याचं भाडं युक्रेनला मिळत होतं. १ जानेवारी २०२५ ला करार संपला, तेव्हा तो थांबला. त्याच रशियाने मधले देश टाळायचे म्हणून बाल्टिक समुद्राच्या तळातून थेट जर्मनीला नॉर्ड स्ट्रीम नेली होती. २६ सप्टेंबर २०२२ ला स्फोटांनी तिच्या चारांपैकी तीन वाहिन्या फुटल्या. मध्ये कुणीच नव्हतं, म्हणून तिची राखण करण्यात कुणाचा स्वार्थही नव्हता.

मामा : ते युरोपचं झालं. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सिंधू पाणी करार आपण स्थगित ठेवला. १९६० पासूनचा करार, तीन युद्धांत टिकलेला. जे दोन देश पाणी रोखण्याची भाषा करतात ते एकमेकांचा गॅस चालू ठेवतील, यावर मी माझ्या नातवंडांची चूल पेटवायची? जहाजाने आणा. जहाज वळवता येतं. कतारने नाही दिलं तर दुसरीकडून आणता येतं. पाइप एकदा पुरला की पुरला.

भाचा : जहाजाची बाजू मजबूत आहे, हे मान्य. गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि सहाशेव्या हिश्श्यात मावतो. २००४ पासून दहेजला कतारचा गॅस असाच येतो, आणि तो करार २०४८ पर्यंत वाढवलाय. पण जहाजही दगा देतं. २०२२ मध्ये युरोपात गॅसला सोन्याचा भाव आला, आणि पूर्वी रशियाच्या गाझप्रोमची असलेल्या सिंगापूरच्या कंपनीने गेलचा ठरलेला गॅस पाठवणं बंद केलं. गेलला खत कारखान्यांचा पुरवठा कमी करावा लागला. जहाज वळवता येतं ना? ते असं वळतं, जास्त पैसे देणाऱ्याकडे. कतारची जहाजं होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतूनच निघतात, ते वेगळंच.

मामा : म्हणजे दोन्हींकडून आपण लटकलेले.

भाचा : म्हणूनच दोन्ही हवेत.

या वादात मला मामांची बाजू आजच्या घडीला बरोबर वाटते. भारत आणि पाकिस्तान यांच्यात साधा व्यापार चालू नसताना १४ अब्ज घनमीटर गॅस पाकिस्तानातून घेण्याची योजना आखणं म्हणजे देशाचं खत आणि वीज शेजाऱ्याच्या मर्जीवर ठेवणं. पण भाचा जे दाखवतो तेही नाकारता येत नाही. कझाकस्तानात, उझबेकिस्तानात, अगदी युद्धातल्या युक्रेनमध्येही ज्याच्या जमिनीखालून गॅस जातो त्याला त्यातून दर वर्षी काही मिळालं, तोवर पाइप चालला. टापीच्या करारांतही अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांना वाहून नेलेल्या गॅसच्या प्रमाणात दर वर्षी मार्गशुल्क देण्याचं तत्त्व आहे. देशांच्या बाबतीत हे तत्त्व सगळ्यांना पटतं. मामांचा पुढचा प्रश्न याच तत्त्वाला धरून आहे, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे.

मामा : सरहद्दीपलीकडचं सोड. समजा उद्या तुमची लाइन आपल्या तालुक्यातून निघाली. मला काय मिळणार?

भाचा : कायदा १९६२ चा आहे, पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांचा. त्यात जमीन घेतली जात नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. राहतं घर, पक्कं बांधकाम आणि घरालगतची जागा यांच्याखालून पाइप नेता येत नाही, आणि एक मीटरपेक्षा उथळ टाकता येत नाही. काम झालं की वरती पुन्हा पेरायला तुम्ही मोकळे.

मामा : पेरायला मोकळे. आणि विहीर?

भाचा : पाइपवरच्या पट्ट्यात नाही खोदता येणार. शेततळं, बंधारा, इमारत हेही नाही. झाडही लावायचं नाही.

मामा : केळी हे झाड की पीक?

भाचा : मुळं उथळ असतात. माझ्या मते पीक.

मामा : तुझ्या मते. नोटीस घेऊन येणाऱ्या साहेबाच्या मते काय, ते कुठे लिहिलंय का? कांदेबाग केळी लावली आणि उद्या कुणी येऊन म्हणालं, हे झाड आहे, उपट, तर मी कुठे जाऊ? बरं, पैसे किती?

भाचा : पिकाचं, झाडांचं, ठिबकचं जे नुकसान होईल त्याची भरपाई वेगळी. वापराच्या हक्कासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के.

मामा : दर वर्षी?

भाचा : एकदाच.

मामा : एकदाच! अरे, पाकिस्तानला दर वर्षी द्यायला तुम्ही तयार, आणि मला एकदाच दहा टक्के? माझ्या शेताखालून तीस-चाळीस वर्षं गॅस जाणार, त्याचा नफा कुठे मोजतात? माझी जमीन विकायला गेलो तर घेणारा विचारणार, पट्टा कुठून गेलाय. बिनशेती करायची तर तो पट्टा मेलेला.

भाचा : मामा, तो दहाचा आकडा सगळीकडे जसाच्या तसा राहिलेला नाही. तमिळनाडूत कोइमतूर-इरोडकडच्या शेतकऱ्यांनी २०१३ मध्ये मोठं आंदोलन केलं. शेतातून नको, महामार्गाच्या कडेने न्या, असं राज्य सरकारही म्हणालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ मध्ये निकाल गेलच्या बाजूने लागला. शेजारच्या केरळात आंदोलन झालं, तिथे सरकारने वाढीव मोबदला ठरवला आणि जानेवारी २०२१ मध्ये कोची-मंगळुरू लाइन सुरू झाली.

मामा : म्हणजे जो भांडतो त्याला मिळतं. जो नोटीस येऊन गेल्यावर वाचतो त्याचं काय?

भाचा : राजपत्रात अधिसूचना आल्यापासून २१ दिवसांत हरकत घ्यायची असते. ते खरंच कमी आहेत.

मामा : आणि माती? तुमच्या कागदावर मातीचा रकाना आहे का? काळी जमीन वर दीड-दोन हात, खाली पांढरी, तिच्याखाली मुरूम. जेसीबीने चारी काढली, पाइप टाकला, सगळं एकत्र लोटलं की वर मुरूम येतो. दोन पावसाळे ती चारी खचते. पाणी साचतं तिथे मूळ सडतं. पुढची चार वर्षं त्या पट्ट्यातली केळी बुटकी. हे नुकसान एका हंगामाच्या पिकात मोजतात.

भाचा : नियम असा की वरची माती वेगळी काढायची, वेगळी रचायची आणि शेवटी वरच टाकायची. चांगल्या कामावर तसं करतात. पण घाई असली की ठेकेदार पहिला हात यावरच मारतो, हे मी नाकारत नाही. त्या वेळी शेतकरी बांधावर उभा असेल आणि कामाआधीचे फोटो त्याच्याकडे असतील, तर फरक पडतो.

मामा : आणि फुटला तर?

भाचा : २७ जून २०१४. आंध्रातलं नगरम. गॅसवाहिनीला गळती लागली, स्फोट झाला, वीसहून अधिक माणसं गेली. कोरड्या गॅससाठी असलेल्या लाइनमधून ओलसर गॅस गेला आणि आतून गंज धरला. प्रत्येक जोडाचा एक्स-रे, पाण्याच्या दाबाची चाचणी, बाहेरून तीन थरांचं वेष्टण, गंज अडवणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह, आतून फिरणारं तपासणीचं यंत्र, हे सगळं काटेकोर केलं तर पाइप रस्त्यावरच्या टँकरपेक्षा सुरक्षित असतो. केलं नाही तर नगरम होतं.

मामा काही वेळ बोलले नसते, असं मला वाटतं. या जिल्ह्यांत वादळाने एका रात्रीत आडव्या झालेल्या केळीबागा पाहिलेला माणूस धोक्याला घाबरून बसत नाही. हिशेब न मिळणं मात्र त्याला सोसत नाही.

मामा : उकाईचं धरण १९७२ चं. त्याच्या पाण्याखाली आपल्या तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली, नवापूरकडची जमीन गेली. पाणी गेलं सुरतेला. मग हजिऱ्याला गॅस आला, खत कारखाना आला, वीज आली. तापी आपली, फळ खालच्यांचं. आता पाइप आपल्या शेतातून गेला तर निदान गॅस आपल्याला मिळणार का, हे आधी सांग.

भाचा : मुख्य लाइनमध्ये नव्वद-शंभर बारपर्यंत दाब असतो, स्वयंपाकघरात बारचा पन्नासावा हिस्सा. त्यामुळे शेतातल्या पाइपला थेट नळ लावता येत नाही. मधे दाब उतरवणारं केंद्र लागतं, तिथून शहराची वेगळी लाइन. धुळे, नाशिक आणि वलसाड हे एक क्षेत्र २०१८ च्या फेरीत महाराष्ट्र नॅचरल गॅसला मिळालंय. पण मुख्य लाइन दूर असली की गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून आणावा लागतो, आणि तो महाग पडतो. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहेत, चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत. शिरपूर-दोंडाईचाकडे कापड आणि अन्नप्रक्रिया आहे. यांना पाइपचा गॅस मिळाला तर भट्टीचं तेल आणि दगडी कोळसा सुटेल. दीपनगरच्या वीज केंद्राची राख तुम्ही रोज बघता.

मामा : बघतो. धुतलेल्या धोतरावर बघतो. म्हणून तर म्हणतो, गॅस वाईट नाही. ज्याच्या बांधाखालून जातो त्याला वगळून जाणं वाईट.

भाचा : पण दर वर्षी भाडं द्यायचं म्हटलं तर हजारो खातेदार, वारसांचे वाद, आणि शेवटी गॅसचा भाव वाढणार. तो भाव तुमच्याच युरियात येईल.

मामा : सौर कृषी वाहिनीला जमीन दिली तर सरकार हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला देतं, आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. तिथे खातेदार नाहीत? तिथे वारस नाहीत?

भाचा : तिथे जमीन पूर्ण अडकते. पाइपवर तुम्ही पेरता.

मामा : मग सव्वा लाख नको. दहावा हिस्सा दे, विसावा दे. पण दर वर्षी दे, आणि माझ्या पोराच्या नावावरही दे. पाइप चालू आहे तोवर मला त्यात रस राहू दे. चारीवर कुणी खोदायला आला तर त्याला मीच हाकलीन. चौकीदार ठेवायची गरज नाही तुम्हाला.

भाच्याकडे याला तांत्रिक उत्तर नाही, आणि मला वाटतं ते असण्याची गरजही नाही. चीनच्या लाइनबद्दल त्याने स्वतः जे सांगितलं, तेच मामांनी एका एकरावर आणून ठेवलं. देशात आज सुमारे २५,००० किलोमीटर गॅसवाहिन्या चालू आहेत. परदेशातून पाइप येवो न येवो, देशातल्या लाइन वाढतच जाणार, कारण ऊर्जेतला गॅसचा सुमारे सहा-सात टक्के वाटा पंधरा टक्क्यांवर नेण्याचं केंद्राचं धोरण आहे. समृद्धीसारखा सरकारी पट्टा प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही. शेतं ओलांडावीच लागतील. आणि त्या शेतांचा हिशेब अजून १९६२ च्या, एकदाच द्यायच्या दहा टक्क्यांवर अडलेला आहे. तेव्हा कोरडवाहू जमिनीचा भाव काय होता आणि आज ठिबकवरच्या केळीच्या जमिनीचा काय आहे, हे कुठल्याही तलाठ्याला विचारावं.

खानदेशातल्या शेतकऱ्यांना एवढंच सांगायचं आहे : अधिसूचना निघाल्याचं कळलं की २१ दिवस मोजायला लागा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. विहीर, शेततळं, ठिबक, बागेची खोडं यांचा पंचनामा काम सुरू होण्याआधी करून घ्या आणि वरची काळी माती वेगळी ठेवण्याची अट लेखी मागा. मोबदला पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाण्याचा हक्क याच कायद्यात आहे. आणि जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार या चारही मतदारसंघांच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून या कायद्याच्या दहाव्या कलमात दुरुस्ती मागावी : एकरकमी दहा टक्क्यांच्या जोडीला पाइप चालू असेपर्यंत वार्षिक भाडं, आणि ज्या तालुक्यांतून लाइन जाते तिथे गॅसचा फाटा देण्याची सक्ती.